कुलपाचं झाकण

श्रावण अर्धा सरला की आमच्या घाटकोपरच्या खोलीत काही म्हणता काही सुकत नाही. मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात, काडेपेटीतल्या चार काड्या फुकट जातात तेव्हा पाचवी पेटते. कपडे पंख्याखाली, खुर्चीवर, दाराच्या कडीला, जिथे जागा मिळेल तिथे लटकलेले असतात आणि तरी ऑफिसला जाताना कॉलर ओली ती ओलीच. या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं. घरातली माणसं म्हणतात, हिला पाऊस मानवत नाही. मानवतो हो चांगला. मला पावसाचं काही नाही. मला स्वस्थ बसवत नाही, एवढंच. भाजी चिरता चिरता मी उठते, खिडकीतून खाली ट्रककडे बघते, परत येऊन बसते, परत उठते.

सकाळी साडेसहाला मी खाली उतरते. ट्रकच्या बाजूला उकिडवी बसते. फिल्टरच्या खाली एक फिरकी असते, ती दोन बोटांनी सैल करायची आणि खाली सॉसची धुतलेली रिकामी बाटली धरायची. चार घोट डिझेल बाटलीत घेतलं की फिरकी बंद. मग बाटली बोनेटवर ठेवायची आणि थांबायचं. पाणी डिझेलपेक्षा जड असतं. ते तळाशी जातं आणि गपचूप बसतं. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, मधे एक सरळ रेघ. कधी रेघ दिसते, कधी नाही दिसत. नाही दिसली तरी मी बाटली हलवून परत ठेवते. आमचा आताचा ड्रायव्हर मला एकदा म्हणाला, "ताई, बस झालं ना, कितीदा बघताय?" त्याला काय सांगणार.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ही बाटली माझ्याकडे नव्हती. असती तरी मी ती फक्त दुसऱ्याला पकडायला वापरली असती.

ट्रक बाबांचा. सहा चाकांचा, लहानसा. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरचे अर्धे लोक गावी गेले, बाबा गेले नाहीत. त्यांनी ट्रक घेतला आणि त्यावर भिकाजीकाकाला बसवलं. काका आमच्याच वाडीतला, कणकवलीच्या बाजूचा. नात्याने कोणी नाही, पण माझ्या बारशालाही होता आणि लग्नालाही. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले असं सगळं साकीनाक्याच्या एका लाँड्रीत न्यायचं आणि धुऊन-वाळवून परत पोचवायचं, हे आमचं काम. अठरा वर्षं काकाने ते केलं. घामाचा, औषधाचा, रक्ताचा वास नेताना आणि कडक साबणाचा, वाफेचा वास आणताना. ट्रकच्या मागच्या बाजूला नाक नेलं की ट्रक जातोय की येतोय ते कळायचं.

बाबांची एक सवय होती. सकाळी ट्रकजवळ जायचं आणि वाकलेल्या बोटाने डिझेलच्या टाकीवर टकटक करायचं. वरपासून खाली, दार ठोठावल्यासारखं. जिथे आवाज बदलला तिथे डिझेल. मग काकाकडे बघायचे. काका म्हणायचा, "आज पुरात." म्हणजे पुरेल. बाबा म्हणायचे, "पुरात." झाला हिशेब. टाकीला कुलूप नव्हतं, वही नव्हती, काही नव्हतं. मी लहानपणी ते बघून हसायचे.

त्या वर्षी मे महिन्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ट्रक माझ्याकडे आला. मी तेव्हा अंधेरीला नोकरीत होते, आजही आहे. सकाळी ट्रक, मग ऑफिस, संध्याकाळी बाबा. आणि माझ्या ऑफिसात, इमारतीत, सासरी, माहेरी, सगळीकडे अचानक ट्रकधंद्यातले जाणकार उगवले. ज्यांनी आयुष्यात कधी स्कूटर धुतली नाही ते मला सांगायला लागले की ड्रायव्हर डिझेल कसं काढतात. नळी घालून काढतात, ताई. मग जेवढं काढलं तेवढं पाणी ओततात, म्हणजे काटा तसाच. एक बाई म्हणाली, तुझ्या बाबांना फसवलं असेल इतकी वर्षं, ते भोळे. हे मी ऐकून घेतलं. खरं सांगते, मला ते आवडलं. बाबा भोळे आणि मी हुशार, यात काहीतरी सुख होतं.

म्हणून जून लागताच मी टाकीला कुलपाचं झाकण करून घेतलं. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये, जिथे सगळं बनतं. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये. डिझेल भरायचं असेल तर काकाने मला फोन करायचा, मी येणार, कुलूप उघडणार, समोर उभी राहून भरून घेणार. काकाने झाकणाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या कशाक गो, बाय?" मी म्हटलं, "हल्ली सगळेच लावतात रे, काका." खिशातून फडकं काढून त्याने झाकणाभोवतीचे ग्रीसचे डाग पुसले.

जुलैत ट्रक आचके द्यायला लागला. चढावर जीव सोडायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर टाकायचा, सिग्नलला बंद पडायचा तो पाच-पाच मिनिटं हूं की चूं नाही. मागून हॉर्न, पुढून पाणी. काका उतरायचा, हातपंप दाबून दाबून हवा काढायचा, परत चालू करायचा. कमरेपासून खाली भिजलेला असायचा. फिल्टर बदलला, आठवडाभर बरा चालला, परत तेच. इस्पितळांतून फोन यायला लागले की चादरी कुठे आहेत. पेशंट उघड्या गादीवर आहे, हे वाक्य एकदा कानावर पडलं की दिवसभर निघत नाही. मी ऑफिसात बसून पाय हलवत राहायचे. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, अगं थांबव, माझं टेबल हलतंय.

आमचा मेकॅनिक युसूफभाई. त्याने फिल्टरमधून डिझेल बाटलीत काढलं आणि मला दाखवलं. "ताई, टंकी में पानी है. बहोत पानी है." तळाशी दोन बोटं पाणी. त्यात काळसर शेवाळासारखं काहीतरी तरंगत होतं. तो म्हणाला, हे एका दिवसाचं नाही, रोज येतंय कुठूनतरी. मी विचारलं, पंपावरून आलं असेल? त्याने मान हलवली. त्याच पंपाचे आणखी दहा ट्रक त्याच्याकडे येत होते, एकालाही त्रास नव्हता.

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, तरी पाणी रोज येतंय, म्हणजे दुसरी किल्ली आहे. इतकं सरळ होतं ते माझ्या लेखी. त्या दिवसापासून मी काकाकडे नीट बघणं सोडलं आणि त्याच्यावर नजर ठेवायला लागले. या दोन गोष्टींत किती फरक आहे. तो चहाला किती वेळ थांबतो, फोनवर कोणाशी हळू बोलतो, त्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास येतो का. अठरा वर्षं ट्रक चालवणाऱ्याच्या सदऱ्याला दुसरा कसला वास येणार? पण संशय आला की माणसाला वासाचाही पुरावा लागतो.

आणि मग पिशवी. एका सकाळी बघते तर टाकीच्या झाकणावर दुधाची प्लास्टिकची पिशवी, वरून घट्ट रबर लावलेलं. मी ती ओरबाडून काढली. झाकणावर ओरखडे असतील, तोडल्याच्या खुणा असतील, ते लपवतोय, असं मला वाटलं. ओरखडे नव्हते. तरी मी पिशवी पर्समध्ये ठेवली, पुराव्यासारखी घडी घालून. दोन दिवसांनी परत पिशवी. परत मी काढली. आम्ही दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. काका लावायचा, मी काढायचे. असं पंधरा दिवस चाललं.

ऑगस्टमध्ये ट्रक अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर मेट्रोच्या खाली बंद पडला तो पडलाच. भर दुपारी, धुतलेल्या चादरींनी भरलेला. दोरी बांधून लाँड्रीच्या आवारात ओढून आणला. मी ऑफिसातून रिक्षाने धावत आले. युसूफभाईने टाकीच्या तळाचा नट काढला आणि खाली बादली ठेवली. पहिल्यांदा पाणीच आलं. नुसतं पाणी. बराच वेळ. मग कुठे डिझेलचा वास आला. आवारात दुसऱ्या गाड्यांचे सात ड्रायव्हर चहा पीत उभे होते. सातही जण बघत होते.

मी काकाकडे वळले आणि म्हटलं, "किती डिझेल विकलंत तुम्ही, आणि किती पाणी ओतलंत?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं. त्याला शिवी दिली असती तरी इतकी लागली नसती, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

काका म्हणाला, "बाय, चावी तुझ्याकडे आसा. पाणी वरसून येता. पावसाचा."

"वरून कसं येईल? कुलूप आहे ना?"

"म्हणान तर पिशवी बांधतंय मी."

मी पर्समधून त्या सगळ्या पिशव्या काढल्या आणि त्याच्यासमोर धरल्या. काय लपवत होतात याखाली, असं काहीसं बोलले. पुढचं नीट आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. काकाने ट्रकची किल्ली खिशातून काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. मग छत्री न उघडता आवाराच्या बाहेर गेला. छत्री काखेतच होती.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना सगळं कळायचं, फक्त बोलता येत नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पेज भरवायला गेले तर त्यांनी डाव्या हाताने वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशीही. मी चिडले त्यांच्यावर. म्हटलं, तुमच्यासाठीच करतेय ना हे सगळं? माणूस चुकत असला की त्याला केवढं ओरडता येतं.

टाकी धुऊन झाली, नवा फिल्टर आला, युसूफभाईच्या ओळखीचा एक तात्पुरता ड्रायव्हर आला. सहाव्या दिवशी ट्रकला परत आचका. मी तिथेच उभी होते, युसूफभाईच्या गॅरेजच्या पत्र्याखाली, पाऊस कमी व्हायची वाट बघत. समोर ट्रक भिजत होता. करायला काही नव्हतं म्हणून मी झाकणाकडे बघत होते. झाकण मधे जरा खोलगट होतं, ताटलीसारखं. त्यात पाणी साचलेलं. मधोमध एक बारीक भोक. युसूफभाईने इंजिन चालू केलं, चांगलं पंधरा मिनिटं चालू ठेवलं, आणि ताटलीतलं पाणी हळूहळू भोकातून आत गेलं. पाऊस पडत होता, ताटली परत भरत होती, परत रिकामी होत होती. मी मोजलं नाही.

ते भोक मीच पाडून घेतलं होतं. जूनमध्ये वर्कशॉपवाला म्हणाला होता, टाकीला हवा लागते, डिझेल जसं संपतं तशी आत हवा जायला पाहिजे, नाहीतर इंजिन गुदमरेल. तो भोक झाकणाच्या काठाखाली, आडोशाला पाडणार होता, कंपनीच्या झाकणाला असतं तसं. मीच म्हटलं, आडोशाला नको, तिथून कोणी काही करेल आणि मला दिसणार नाही, वरच पाड, मला समोर दिसलं पाहिजे. त्याने खांदे उडवले आणि ड्रिल लावलं. मला ते दिसत होतं, रोज. मी त्यातून चोर बघत होते, पाऊस बघत नव्हते.

काका असल्फ्याच्या टेकडीवर राहायचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चढणीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी वाहणारं पाणी, नळाखाली लावलेले हंडे, कॅन, बादल्या. काकी दारातच होती, मला बघून आत गेली. काका कॉटवर बसून दाढी करत होता. मी सगळं सांगितलं, भोकाचं, ताटलीचं, माझ्या मूर्खपणाचं. रडले सुद्धा. त्याने ऐकून घेतलं, वस्तरा पुसला. मी परत चल म्हटलं. तो जरा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "हयसर सांगून काय उपेग, बाय? जयसर बोललस, थयसर बोल. सात जणांनी आयकल्यानी." काकीने चहा दिला. त्याने विचारलं, "भाऊ कसो आसा?" भाऊ म्हणजे माझे बाबा. मी म्हटलं, जेवत नाहीत. तो म्हणाला, "जेवतीत." बाबा त्या संध्याकाळी जेवले. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की काकाकडे जाऊन आले.

लगेच दुसऱ्या दिवशी त्या आवारात जायला काय झालं होतं मला? काही नाही. गणपती आले, ऑफिसात ऑडिट आलं, एक दिवस ताप आला. सबबींना काय, त्या येतच असतात. एकदा तर गेटपर्यंत गेले, सातांतले चौघं उभे होते, आणि मी तशीच पुढे गेले, जणू मला दुसरीकडे जायचं होतं. बाईमाणूस असून त्यांच्यात उभं राहून धंदा करायचा, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालायची, मग माझं कोण ऐकेल, असा विचार. तीन आठवडे गेले. शेवटी गेले तेव्हा लाँड्रीने काम भिवंडीकडे हलवलं होतं आणि ते सातही पांगले होते. आवारात ताडपत्र्या आणि एक नवाच ड्रायव्हर. मी त्यालाच सांगितलं, भिकाजीकाकाने डिझेल चोरलं नव्हतं, चूक माझी होती. त्याने नम्रपणे ऐकलं आणि विचारलं, "कोण भिकाजीकाका?"

काका परत आला नाही. चेंबूरला एका शाळेची बस चालवायला लागला, अजून चालवतो. बाबा पुढच्या वर्षी गेले, तेव्हा तो आला होता. खांदा दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. सात जणांचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी ते सात शोधते. हसू येईल कोणाला, येऊ दे. हायवेवर, पंपावर, टायरच्या दुकानाशी ओळखीचा चेहरा दिसला की मी रिक्षा थांबवते. एक बोरिवलीला सापडला, पंक्चर काढत बसलेला. त्याला सांगितलं, तो म्हणाला बरं. एकाचा नंबर युसूफभाईने मिळवून दिला, तो गावी शेती करतो, त्याला फोनवर सांगितलं, मागे बैल हंबरत होता. दोघं भिवंडीला एकाच दिवशी भेटले. पाचव्याला मी भर रस्त्यात काच ठोकून सांगितलं, सिग्नल सुटला तरी बोलत होते. सहावा इतका म्हातारा झालाय की त्याला काका आठवत होता, मी नाही. दर पावसाळ्यात असं होतं. बाटलीतली रेघ बघितली की मला वाटतं, अजून उरलेत.

सातवा परवा भेटला. मुलुंडला, पंपाच्या रांगेत. भोसले नाव त्याचं, आता स्वतःचा टेम्पो आहे. मी माझी नेहमीची कॅसेट लावली, झाकण, भोक, पाऊस. त्याने मधेच थांबवलं.

"ताई, हे मला कशाला सांगताय?"

"तुम्ही होतात ना तेव्हा. तुम्ही ऐकलंत ना सगळं."

"ऐकलं. पण आमच्यातल्या कोणी मानलं नव्हतं ते. अहो, काकाला आम्ही ओळखत होतो ना. तुम्ही गेल्यावर आम्ही तेच म्हणालो, हिच्या झाकणाला भोक आहे, हिला कोण सांगणार?" त्याने खिडकीतून पैसे पंपवाल्याला दिले. "मानलं होतं फक्त तुम्ही, ताई."

रांग पुढे सरकली, मी तिथेच. मग घरी आले. दोन दिवस झाले, मी धड बसलेली नाही.

कारण भोसले म्हणाला ते खरं आहे, आणि त्याला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. असल्फ्याच्या त्या खोलीत, रडून झाल्यावर, माफी मागून झाल्यावर, माझी नजर कॉटखाली गेली होती. तिथे एक निळा कॅन होता, झाकण लावलेला, पिण्याच्या पाण्याचा, टेकडीवर घरोघरी असतो तसा. भोक मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, सगळं कळलं होतं, आणि तरी मी त्या कॅनकडे बघितलं. काय असेल यात, डिझेल तर नाही ना, म्हणून. एवढीशी नजर, अर्ध्या क्षणाची. वर बघितलं तर काका माझ्याकडे बघत होता. जरा वेळ तो गप्प राहिला होता म्हणून मी वर लिहिलंय, तो वेळ तो. त्यानंतर त्याने सांगितलं, सात जणांसमोर बोल. मी सहा वर्षं समजत होते की त्याला त्याचं नाव त्यांच्याकडून परत हवं होतं. त्याने मला फक्त घराबाहेर काढलं होतं, चहा पाजून, सभ्यपणे.

तेव्हा सातांना सांगून झालं, आणि झाकणाचं सांगणं संपलं. राहिलं ते कॅनचं. ते एकाच माणसाला सांगायचं आहे, आणि त्याला ते आधीच माहीत आहे. उद्या रविवार, शाळेची बस नसते. काका घरीच असतो.